सही कोणाची?

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

मित्रांनो, आधी एक साधा प्रश्न. आपल्या होस्टेलमध्ये असा कोण आहे, ज्याने आजपर्यंत एकदाही दुसऱ्याची सही केलेली नाही? हात वर करायची गरज नाही, उत्तर मला माहीत आहे. फर्स्ट इयरला आपण ड्रॉइंगच्या शीटवर रेषा ओढायला शिकतो आणि त्याच महिन्यात हजेरीच्या कागदावर मित्राची सही ओढायलाही शिकतो. त्याला आपण फसवणूक म्हणत नाही. आपण त्याला ‘प्रॉक्सी’ म्हणतो. नाव बदललं की मनाला टोचत नाही.

मीही त्यातलाच. माझ्या एका मित्राची सही मी दोन वर्षं करत होतो. लेक्चरच्या हजेरीत आणि होस्टेलच्या रात्रीच्या रजिस्टरमध्येही. शेवटी शेवटी अशी गंमत झाली होती की, त्याची सही त्याच्यापेक्षा मलाच चांगली जमायची.

मग आली मेस सेक्रेटरीची निवडणूक. माझा रूम पार्टनर उभा राहिला. पोरगा मनापासून काम करणारा. मेसचा हिशोब दर महिन्याला बोर्डावर लावायचा, एवढाच त्याचा जाहीरनामा होता. फॉर्म अगदी साधा होता. उमेदवाराचं नाव, खोली नंबर आणि खाली सूचकाची सही. सूचक म्हणून ज्याचं नाव ठरलं होतं तो माझा तोच प्रॉक्सीवाला मित्र. पण शेवटच्या दिवशी तो लग्नासाठी गावी गेलेला. फोन केला तर म्हणतो, “अबे, कर ना तूच सही. दोन वर्षं कोण करून राह्यलं?” मी केली. रूम पार्टनरला सांगितलंही नाही. त्याला वाटलं, सूचक जाण्याआधी सही करून गेला.

समोरच्या पार्टीला कुठून तरी वास लागला. हरकत आली. रेक्टर सरांनी रात्रीच्या हजेरीचं रजिस्टर काढलं आणि फॉर्मवरची सही त्याच्याशी ताडून बघितली. तंतोतंत जुळली! जुळणारच होती. रजिस्टरमधली सही तरी कुठे त्याची होती? सर हरकत फेटाळणारच होते, पण तेवढ्यात त्यांनी लग्नाहून परतलेल्या मित्राला समोर उभं केलं आणि कोऱ्या कागदावर तीनदा सही करायला लावली. तिन्ही सह्या फॉर्मपेक्षा वेगळ्या. मित्र घाबरला. खरं सांगितलं तर दोन वर्षांची हजेरी बाहेर येणार. तो म्हणाला, “सर, फॉर्मवरची सही माझी नाही.” वाक्य शंभर टक्के खरं होतं. पण त्याच्याच सांगण्यावरून सही झाली होती, हे अर्धं त्याने गिळलं. आणि मी तिथेच दाराशी उभा होतो. मीही गप्प राहिलो.

फॉर्म बाद झाला. दुसरा उमेदवार बिनविरोध. ज्याने काहीच केलं नव्हतं, त्या माझ्या रूम पार्टनरला वर्षभर ‘बोगस’ हे नाव पडलं. मेसचा हिशोब आजही बोर्डावर लागत नाही.

तुम्ही म्हणाल, मेसच्या निवडणुकीचं एवढं काय घेऊन बसलास? मीही तसंच म्हणायचो. पण त्यानंतर पेपरमधल्या काही बातम्या मी नीट वाचायला लागलो आणि लक्षात आलं, की आमच्या होस्टेलमध्ये झालं तसंच थेट नगरपंचायतीपासून लोकसभेपर्यंत होतं. फरक एवढाच, की तिथे प्रकरण रेक्टरकडे न जाता कोर्टात जातं.

सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यात अनगर नावाचं गाव आहे. तिथल्या नगरपंचायतीची निवडणूक नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्यभर गाजली. नगराध्यक्षपदासाठी भाजपकडून प्राजक्ता पाटील उभ्या होत्या. राष्ट्रवादी काँग्रेसच्या अजित पवार गटाकडून उज्ज्वला थिटे यांनी पोलीस बंदोबस्तात, भल्या पहाटे जाऊन अर्ज भरला. अर्ज भरायला पोलीस सोबत लागावेत, यातच सगळं आलं. दुसऱ्या दिवशी छाननीत अर्ज बाद! कारण काय, तर अर्जावर सूचकाची सही नाही. आपला अर्ज व्यवस्थित होता, यात काहीतरी गडबड झाली, असं थिटे यांचं म्हणणं. त्या जिल्हा न्यायालयात गेल्या, पण तिथेही अपील फेटाळलं गेलं. सही करायची राहिली होती की आणखी काही झालं, हे मी इथे सेवाग्रामच्या रस्त्यावर चहा पीत ठरवू शकत नाही. पण एक मात्र विचारू शकतो. अर्ज टेबलावर ठेवला त्या क्षणी ‘सही आहे’ किंवा ‘सही नाही’ एवढं एक वाक्य लिहून अधिकारी आणि उमेदवार दोघांनी त्याखाली सही केली असती, तर हा वाद उरला असता का?

आता आपल्या जिल्ह्याकडे या. त्याच निवडणुकीत मतदान होतं २ डिसेंबर २०२५ ला. आमच्या विंगमधला देवळीचा पोरगा बॅग भरून तयार होता. पहिल्यांदाच मत देणार होता. आणि दोन-तीन दिवस आधी राज्य निवडणूक आयोगाने राज्यातल्या वीसहून जास्त नगरपरिषदा आणि नगरपंचायतींची निवडणूक पुढे ढकलली. त्यात आपली देवळीही होती. कारण असं, की अर्जाच्या छाननीवर ज्या ठिकाणी जिल्हा न्यायालयात अपिलं झाली होती, तिथले काही निकाल उशिरा लागले. नियमाप्रमाणे निकालानंतर उमेदवारांना माघारीसाठी तीन दिवस मिळायला हवेत. ते न देताच चिन्हं वाटली गेली होती. मग तिथलं मतदान २० डिसेंबरला ठेवलं आणि नागपूर खंडपीठाच्या आदेशाने सगळ्या राज्याची मतमोजणी २१ डिसेंबरला झाली.

त्या वेळी सगळेच चिडले. देवळीचा मित्र तर दोन दिवस शिव्या देत होता. पेपरमध्येही ‘सावळा गोंधळ’ वगैरे मथळे. गोंधळ होताच. अपील होणार हे माहीत असताना वेळापत्रकात त्याच्यासाठी जागा ठेवायला नको का? पण मला त्यातली दुसरी बाजूही दिसते. अर्जाचा वाद मतदानाच्या आधी कोर्टात जाऊ शकतो, ही नगरपरिषदेच्या नियमांतली फार मोठी सोय आहे. अठरा दिवसांचा उशीर झाला, पण तो मत देण्याच्या आधी झाला. लोकसभा-विधानसभेला ही सोयच नाही.

तिथे काय होतं ते बघायचं असेल तर सुरत बघा. एप्रिल २०२४, लोकसभेची निवडणूक. काँग्रेसचे उमेदवार निलेश कुंभाणी. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एकच सूचक पुरतो, इतरांना दहा लागतात. कुंभाणी यांनी एकाहून जास्त अर्ज भरले होते आणि त्यांचे सूचक कोण, तर नात्यातले आणि धंद्यातले लोक. भाजपने हरकत घेतली आणि त्या सूचकांनी प्रतिज्ञापत्रच दिलं, की अर्जावरच्या सह्या आमच्या नाहीत. उमेदवाराला उत्तर द्यायला मिळाला एक दिवस. त्या दिवसात सूचक हजरच झाले नाहीत. २१ एप्रिलला अर्ज बाद. पक्षाच्या पर्यायी उमेदवाराचा अर्जही तसाच बाद. २२ एप्रिलला उरलेल्या आठही जणांनी माघार घेतली आणि भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध खासदार. मतदान होणार होतं ७ मे ला. सतरा लाखांवर मतदार बोटाला शाई न लागताच घरी राहिले. काँग्रेसने आधी सूचकांवर दबाव आणल्याचा आरोप केला आणि काही दिवसांनी आपल्याच उमेदवाराला सहा वर्षांसाठी निलंबित केलं. म्हणजे सही खोटी होती, की सही खरी आणि नकार खोटा, की दोन्ही आधीपासून ठरलेलं, हे मतदाराला कोणीच सांगितलं नाही. पुढे काही जण निवडणूक याचिका घेऊन गुजरात उच्च न्यायालयात गेले. 

हे वाचताना मला रेक्टर सरांच्या खोलीतला प्रसंग आठवला. “सर, सही माझी नाही.” बस्स, एवढं एक वाक्य पुरतं.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चा आहे. त्याच्या कलम ३६ मध्ये छाननीचे नियम आहेत. उमेदवाराची किंवा सूचकाची सही खरी नसेल तर अर्ज बाद करता येतो. पण त्याच कलमात असंही म्हटलंय, की किरकोळ चुकीसाठी अर्ज बाद करू नये. आणखी एक गोष्ट मला फार आवडली. चुकीचा अर्ज स्वीकारला गेला असेल, तर त्यामुळे निकालावर परिणाम झाला हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. पण योग्य अर्ज चुकीने बाद केला असेल, तर तेवढ्यावरच सगळी निवडणूक रद्द होते. म्हणजे दोन चुकांपैकी मोठी कोणती, हे कायद्याने ठरवून ठेवलंय. खोटा माणूस आत येणं वाईटच, पण खरा माणूस बाहेर फेकला जाणं जास्त वाईट.

मग अडचण कुठे आहे? अडचण वेळेत आहे. राज्यघटनेच्या ३२९ कलमाप्रमाणे निवडणूक सुरू असताना कोर्टात जाता येत नाही. १९५२ साली मद्रासकडच्या नमक्कलचे पोन्नुस्वामी आपला अर्ज बाद झाला म्हणून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. कोर्टाने सांगितलं, आधी निवडणूक होऊ द्या, मग निवडणूक याचिका करा. त्यामागचा विचार चुकीचा नाही. प्रत्येक जण मध्येच स्टे घेऊन आला तर निवडणूक कधीच व्हायची नाही. पण याचिका उच्च न्यायालयात सहा महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करावा, असं कायद्यात लिहिलेलं असूनही ती किती रेंगाळते हे आपण बघतो. आपल्या शेजारच्या रामटेकचं उदाहरण घ्या. तिथे विषय सहीचा नव्हता, जातप्रमाणपत्राचा होता. मार्च २०२४ मध्ये रश्मी बर्वे यांचं प्रमाणपत्र रद्द झालं आणि त्यासोबत उमेदवारीही गेली. सप्टेंबरमध्ये नागपूर खंडपीठाने प्रमाणपत्र रद्द करण्याचा निर्णयच चुकीचा ठरवला. पण मतदान एप्रिलमध्येच होऊन गेलं होतं. त्यांच्याऐवजी त्यांचे पती उभे राहिले आणि निवडूनही आले, ही गोष्ट वेगळी. सगळ्यांनाच असा पर्याय मिळत नाही. माझ्या रूम पार्टनरला मिळाला नव्हता.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. त्यासाठी थोडं आजीबद्दल सांगावं लागेल. माझी आजी आर्वी तालुक्यातली. तिने सगळं आयुष्य अंगठा लावला. बँकेत गेली की साहेब तिला समोर बसवायचा, तोंडाकडे बघायचा, ओळख विचारायचा, मग अंगठा घ्यायचा आणि खाली स्वतः सही करायचा. नव्वदच्या दशकात गावात साक्षरतेचे वर्ग निघाले, तिथे ती नाव लिहायला शिकली. पहिल्यांदा सही करून पैसे काढले तेव्हा साहेबाने वर बघितलंही नाही. घरी येऊन ती म्हणाली, “अंगठा व्हता तवा मले वळखत होते, आता कोणी वळखत नाही.” आम्ही तेव्हा खूप हसलो होतो.

निवडणुकीचा कायदाही आजीच्या बँकेसारखाच आहे. सूचकाला लिहिता येत नसेल तर त्याने अंगठा अधिकाऱ्यासमोर लावायचा आणि अधिकाऱ्याने ओळख पटवून तो साक्षांकित करायचा. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात रतन अनमोल सिंग यांचा खटला आला. पंजाबातली पहिली निवडणूक, सूचक निरक्षर, अंगठे लावलेले, पण साक्षांकन नव्हतं. अर्ज बाद केला होता तो बरोबरच, असं कोर्टाने ठरवलं. साक्षांकन हा नुसता उपचार नाही, तो माणूस तोच आहे याची खात्री आहे, असा त्याचा अर्थ. हा निकाल लिहिला न्यायमूर्ती विवियन बोस यांनी. ते आपल्या नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते.

मला पडलेला प्रश्न असा. अडाणी माणसाच्या अंगठ्यावर कायदा विश्वास ठेवत नाही म्हणून अधिकाऱ्यासमोर लावायला सांगतो. मग शिकलेल्याच्या सहीवर डोळे झाकून विश्वास का ठेवतो? अंगठ्याची नक्कल करणं अवघड आहे. सहीची नक्कल तर आपण सगळे फर्स्ट इयरलाच शिकतो! सुरतेत वाद झाला तो सह्यांचा, अंगठ्यांचा नव्हे. जी काळजी आपण न शिकलेल्यांच्या बाबतीत घेतली, ती शिकलेल्यांच्या बाबतीत घ्यायला हवी होती.

हा रोग फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात २०२२ मध्ये गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन पक्षाचे दहा जण इच्छुक होते. तिथे उमेदवाराला पंधरा हजार मतदारांच्या सह्या आणाव्या लागतात. तपासणीत दिसलं, की पैसे घेऊन सह्या गोळा करणाऱ्या काही जणांनी हजारो सह्या स्वतःच ठोकल्या होत्या. चार-पाच जण गोल बसायचे, कागद फिरवायचे आणि अक्षर वेगळं दिसावं म्हणून आळीपाळीने सह्या करायचे. वाचून मला आमची मागची बेंच आठवली. दहापैकी पाच उमेदवार बाद झाले. डेट्रॉइटचे माजी पोलीस प्रमुख जेम्स क्रेग त्यातलेच एक. उमेदवारांना हे माहीत होतं असा पुरावा निवडणूक कार्यालयाला मिळाला नाही, तरी कोर्टाने त्यांना परत घेतलं नाही. खोटी सही करणारा एक आणि घरी बसणारा दुसराच!

म्हणून माझं म्हणणं तीन वाक्यांत सांगतो. पहिलं, सूचकाची सही अंगठ्यासारखीच अधिकाऱ्यासमोर, ओळखपत्र बघून व्हावी आणि साक्षांकित व्हावी. मग ‘ती माझी नाही’ म्हणायला जागाच उरणार नाही. दुसरं, अर्ज दिल्याबरोबर त्याच्या प्रत्येक पानाची शिक्का मारलेली प्रत उमेदवाराला मिळावी, म्हणजे सही नंतर ‘राहिली’ असं होणार नाही. तिसरं, अर्ज बाद झाल्यावर आठवडाभरात निकाल देणारं एक अपील लोकसभा-विधानसभेलाही असावं आणि त्या आठवड्याची जागा वेळापत्रकात आधीच ठेवावी. देवळीला जे घाईत, शेवटच्या क्षणी झालं, ते शहाणपणाने आधीच करता येतं.

यावर एक आक्षेप माझ्या मित्रांनीच घेतला आणि तो खरा आहे. जिथे उमेदवारालाच पोलीस घेऊन जावं लागतं, तिथे सूचकाला अधिकाऱ्यासमोर बोलावलं तर तो वाटेतच अडवला जाईल. बरोबर आहे. म्हणून साक्षांकन फक्त त्याच एका ऑफिसात नको. कुठल्याही तहसील कार्यालयात, अगदी दुसऱ्या तालुक्यातही चाललं पाहिजे. आणि अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसाची वाट न बघता आठवडाभर आधीपासून करता आलं पाहिजे. त्रास वाढेल, मान्य. पण सतरा लाख लोकांचं मत जाण्यापेक्षा एका माणसाची एसटीची एक फेरी स्वस्त.

आमच्या प्राध्यापकांनाही एक विनंती. रागावू नका सर, पण हजेरीचा कागद मागच्या बेंचपर्यंत फिरत सोडणं बंद करा. नावं पुकारा. पाच मिनिटं जातील. पण कोर्टात सही ताडायची वेळ येते तेव्हा जुनी, निर्विवाद सही लागते. आमच्याकडे निर्विवाद सहीच उरलेली नाही! रजिस्टर खोटं असेल तर त्याच्याशी जुळणारी सहीही खोटीच, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आता शेवटचं. हा लेख द्यायच्या आदल्या दिवशी मी रेक्टर सरांकडे गेलो आणि मेसच्या फॉर्मवरची सही माझी होती हे सांगितलं. रूम पार्टनरला त्याआधीच सांगितलं होतं. तो काही बोलला नाही, नुसता खिडकीकडे बघत बसला. दोन दिवसांनी म्हणाला, “तेव्हा दाराशी उभा होतास ना, तेव्हाच बोलायचं होतं.” यावर माझ्याकडे उत्तर नाही. सुरतच्या त्या सूचकांकडेही नसावं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. शिक्षा काय द्यायची ते बघतो म्हणाले. आणि ड्रॉवरमधून या वर्षीच्या मेस निवडणुकीची नोटीस काढून तिच्यावर पेनने एक ओळ वाढवली : ‘सूचकाने सही रेक्टरसमोर करावी.’

येत्या सोमवारपासून फॉर्म मिळणार आहेत. रूम पार्टनर पुन्हा उभा राहतोय. त्याचा सूचक कोण, ते मी सांगत नाही. पण सही ज्याची त्यानेच करायची आहे, एवढं नक्की.